शासनसंस्थेची दुर्बलता : मुंबईतील प्लेगची साथ

नियम करण्याचा अधिकार, ते अंमलात आणणारी यंत्रणा आणि जनतेची मान्यता यांपैकी एखादे अंग खचल्यास शासनसंस्था दुर्बल होते. ही संकल्पना प्रामुख्याने विकसनशील देशांच्या संदर्भात मांडली जाते. तथापि वसाहतकालीन मुंबईत १८९६ मध्ये उद्भवलेल्या प्लेगच्या साथीत तिचे स्वरूप स्पष्टपणे आढळते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात या रोगाचे निदान केले. ६ ऑक्टोबर रोजी महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे फर्मान काढले. तेथे गेलेला परत येत नाही, अशी लोकांची धारणा होती. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर (सध्याचे कस्तुरबा रुग्णालय) हल्ला केला. मैला वाहणारे हलालखोर शहर सोडून गेल्यास मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही आयुक्तांची त्याहूनही मोठी चिंता होती. परिणामी दुसऱ्याच दिवशी सक्ती सैल करण्यात आली. फेब्रुवारी १८९७ पर्यंत अंदाजे ३,८०,००० लोक शहराबाहेर गेले.

४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग अधिनियमाने शासनास व्यापक अधिकार दिले. मार्चपासून ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या समितीने घरोघर झडत्या सुरू केल्या. परंतु अधिकार वाढले तरी विश्वास वाढला नाही. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत रुग्णाच्या तपासणीवरून दंगल उसळली. जातीजमातींच्या स्वतंत्र रुग्णालयांस त्यापूर्वीच वाव मिळू लागला होता. दंगलीनंतर झडत्यांऐवजी स्थानिक पुढाऱ्यांचे साहाय्य व ऐच्छिक लसीकरण यांवर अधिक भर देण्यात आला. वॉल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली.

गलिच्छ वस्त्यांच्या सुधारणेसाठी १८९८ मध्ये ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याने गिरगाव चौपाटीच्या बाजूने पूर्वेकडे जाणारा सँडहर्स्ट रस्ता काढला व दादर-माटुंगा भागात आखीव वसाहती वसविल्या. मात्र घरे पाडलेल्या अनेक गरिबांना नव्या जागांचे भाडे परवडले नाही. ते शेजारच्या चाळींत दाटीने राहू लागले. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

लायबीरियाची राजधानी मन्‍रोव्हिया येथे ऑगस्ट २०१४ मध्ये एबोलाच्या साथीत वेस्ट पॉइंट या वस्तीला सशस्त्र वेढा घालण्यात आला. रहिवाशांच्या तीव्र विरोधानंतर सुमारे दहा दिवसांत तो उठवावा लागला. दोन्ही ठिकाणी बळाचा अभाव नव्हता; ज्यांच्या श्रमावर व सहकार्यावर नगराचे जीवन अवलंबून असते, त्यांना निर्णयात स्थान नव्हते. ते स्थान देणे आणि त्यांना परवडणाऱ्या सेवा पुरविणे, हे ही दुर्बलता कमी करण्याचे प्रमुख उपाय होत.