करंड्याचं झाकण

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्याला उतरलं, की आज चहूकडे गोदामं दिसतात. माझ्या लहानपणी तिथे भातखाचरं होती आणि पावसाळ्यात आम्ही बांधावरून तोल सांभाळत शाळेत जायचो. त्या काळातली एकच वस्तू माझ्या घरात अजून रोज हाताळली जाते. ती म्हणजे आजीचा कुंकवाचा करंडा.

मोसंब्याएवढा लाकडी करंडा. लाल-पिवळ्या लाखेचे पट्टे, वर कळसासारखी मूठ असलेलं झाकण. आजीच्या लग्नात तो माहेराहून आला होता. आत कुंकू, शेजारी चपट्या डबीत मेण. आधी कपाळाला मेण, मग त्यावर बोटाने कुंकू. गोल इतका नेमका, की आरशाची गरज नसे.

1981 च्या मार्गशीर्षात आजोबा गेले. मी सातवीत होतो. बायकांनी आजीचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. त्या गडबडीत कुणीतरी फळीवरून करंडा ओढला, तो खाली पडला आणि झाकणाचे दोन तुकडे झाले. नात्यातली एक बाई म्हणाली, "जाऊ दे, आता तिला कशाला लागतोय?" आजी काही बोलली नाही. खालचा भाग तिने पातळाच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवला.

पुढच्या मे महिन्यात, घरात कोणी नसताना, तिने तो माझ्या हातात दिला. "झाकन करून आन रं पोरा. कोनाला सांगू नुको."

अंजूरफाट्यापर्यंत चालत आणि पुढे विचारत विचारत मी भिवंडीत एका गल्लीत पोचलो. दोन्ही बाजूंना मागांची खडखड. त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता, आणि भिवंडीच्या मागांना उसंत नव्हती. माग म्हटला की धोटा आला आणि धोट्यात सूत गुंडाळलेली लाकडी कांडी आली. त्या कांड्या खरादावर कातणारे एक चाचा तिथे बसत. मूळचे बनारसचे.

आपल्याकडे या कारागिराला कातारी म्हणतात. सूतही कातायचं आणि लाकूडही कातायचं, मराठीत शब्द एकच. जुन्या वाड्यातला गुळगुळीत गोल खांब कातीव, तो त्यामुळेच. मागांच्या त्या गावात दोन्ही कातकामं एकाच गल्लीत चालली होती.

चाचांनी करंडा बोटांवर फिरवला. "ये लाख का काम है. हमारे बनारस में भी होता है." मग मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी सांगितलं, की गावी वीज नव्हती. एकाने दोरी ओढायची, लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरायचं, आणि ते आपल्या बाजूला फिरेल तेवढ्यातच हत्यार टेकवायचं. वडिलांसाठी दोरी ओढण्यात त्यांचं बालपण गेलं होतं.

पुढे मी सावंतवाडीला चितारी कारागिरांचं काम पाहिलं, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी पाहिली. रीत तीच. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडाला धरते. वेगळा कुंचला नाही, वाळवणं नाही. चन्नपट्टणला त्यावर केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात. तिथे वापरतात ते लाकूडही परकं नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या रानातला काळा कुडा तो.

चाचा म्हणाले, "लकडी गीली है. दिवाळीनंतर ये." मी हट्ट धरला. आजीला आजच हवंय, असं खोटं सांगितलं. त्यांनी नाइलाजाने हाताशी असलेल्या तुकड्याचं झाकण कातून दिलं. इतकं नेमकं बसलं, की उघडताना टप् असा आवाज आला.

महिनाभरात ते उघडेना. ओलं लाकूड वाळताना आकसतं, आणि सगळीकडून सारखं नाही. वर्तुळांच्या दिशेने जास्त, गाभ्याच्या दिशेने कमी. गोल झाकण लंबगोल झालं होतं आणि त्याने करंड्याची कड आवळून धरली होती. मी सुरीने उचकटायला गेलो आणि कडेचा कपचा उडाला. आजीने तो कपचा उचलून पदराच्या गाठीत बांधला. रागावली असती तर बरं झालं असतं.

मान खाली घालून मी पुन्हा गल्लीत गेलो. चाचांनी माझं खोटं ओळखलंच होतं. त्यांनी वेगळा तुकडा घेतला, झाकण जाडजूड, ओबडधोबड कातलं आणि खुंटीला टांगून ठेवलं. "याला जे वाकडं व्हायचंय ते आधी होऊ दे. मग आपण सरळ करू." पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग त्यांनी ते पुन्हा खरादावर चढवलं. आतून थोडं कातायचं, थांबायचं, करंड्यावर बसवून बघायचं, पुन्हा थोडं. शेवटी केसभर सैल ठेवलं, पावसात लाकूड फुगेल म्हणून. कपचा सरसाने चिकटवून त्यावर लाल लाख फिरवली. दुसऱ्या झाकणाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आजोबांच्या वर्षश्राद्धाआधी करंडा पूर्ण झाला. आजीने त्यात कुंकू भरलं. स्वतःच्या कपाळाला कधीच लावलं नाही. पण रोज सकाळी तुळशीला, उंबऱ्याला, आणि शाळेत निघालेल्या माझ्या बहिणीला तिच्याच बोटाने कुंकू लागायचं. "विधवेच्या हातचं?" असं एकदोघी कुजबुजल्या. आजी शांतपणे झाकण लावून करंडा फळीवर ठेवायची. लपवला मात्र पुन्हा नाही.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. बातमी वाचली तेव्हा आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी उठून करंडा खाली काढला.

लाकडी कांडीची जागा आधी प्लॅस्टिकने घेतली. आता बिनधोट्याचे माग आले, त्यांना कांडीच लागत नाही. चाचांच्या जागी आज मोबाइलचं दुकान आहे. करंडा मात्र माझ्या बायकोच्या हाताशी असतो. भर आषाढातसुद्धा त्याचं झाकण दोन बोटांनी उघडतं. चिकटवलेला कपचा जवळून पाहिला तर दिसतो. तेवढा माझा.