सूर्यग्रहण आणि प्राण्यांचे वर्तन: काय पाहावे, कसे पाहावे

खग्रास सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो आणि भरदिवसा काही मिनिटे संधिप्रकाश पसरतो. हवा गार होते, वारा बदलतो. आपल्याला याची वेळ आधीच माहीत असते. प्राण्यांना ती माहीत नसते. त्यामुळे ते या अवेळी आलेल्या संध्याकाळला कसा प्रतिसाद देतात, हे पाहणे जीवशास्त्रज्ञांना फार उपयोगी वाटते.

आतापर्यंत काय दिसले?

३१ ऑगस्ट १९३२ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात खग्रास ग्रहण झाले. तेव्हा बोस्टनमधील निसर्ग-अभ्यासक संस्थेने सामान्य लोकांना नोंदी पाठवण्याचे आवाहन केले. शेकडो पत्रे आली. पक्षी घरट्यांकडे परतल्याचे आणि रातकिडे ओरडू लागल्याचे अनेकांनी लिहिले होते.

११ जुलै १९९१ च्या ग्रहणात मेक्सिकोमध्ये वसाहतीने राहणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास झाला. हे कोळी रोज संध्याकाळी जाळे उतरवतात. खग्रास स्थिती येताच त्यांनी जाळी उतरवायला सुरुवात केली आणि उजेड परतल्यावर बहुतेकांनी ती पुन्हा विणायला घेतली. काही जाळ्यांवर संशोधकांनी दिव्याचा प्रकाश सोडला होता. तेथील कोळी मात्र जागचे हलले नाहीत. म्हणजे त्यांना इशारा मिळाला तो उजेड कमी झाल्याचा.

२१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत १६ ठिकाणी छोटे मायक्रोफोन लावून मधमाश्यांचा गुंजारव ध्वनिमुद्रित केला गेला. या कामात शाळकरी मुलेही होती. सूर्य अंशतः झाकलेला असताना माश्या उडत होत्या. खग्रास स्थितीत मात्र गुंजारव जवळजवळ पूर्ण थांबला. त्याच दिवशी साउथ कॅरोलायनातील एका प्राणिसंग्रहालयात १७ जातींच्या प्राण्यांवर लक्ष ठेवले होते. सुमारे तीन चतुर्थांश जातींच्या वागण्यात फरक दिसला. त्यातल्या बऱ्याच जातींनी रात्रीची तयारी सुरू केली, तर जिराफासारखे काही प्राणी अस्वस्थ झाले.

खंडग्रास ग्रहणात काय अपेक्षा ठेवावी?

फार नाही. सूर्यबिंबाचा निम्मा भाग झाकला तरी उजेडातला फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो. दाट ढग आल्यावर याहून जास्त अंधारते. म्हणून खंडग्रास ग्रहणात प्राणी नेहमीसारखेच वागले, तर तीही एक नोंदच आहे.

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण इजिप्तमधील लक्सर येथे सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल. महाराष्ट्रातून ते दुपारी उशिरा खंडग्रास दिसेल, अर्थात पावसाळी ढगांनी वाट दिली तर. त्या वेळेनंतर थोड्याच वेळात कावळे आणि साळुंक्या एरवीही मुक्कामाच्या झाडांकडे निघतात. त्यामुळे ‘ग्रहणामुळे पक्षी परतले’ असे म्हणण्यापूर्वी ते रोज किती वाजता परततात, हे माहीत हवे.

नोंद कशी घ्यावी?

१. एकच प्राणी किंवा एकच झाड निवडा. कावळे, कबुतरे, फुलावरच्या मधमाश्या, गोठ्यातली गाय, यांपैकी काहीही चालेल.
२. ग्रहणाच्या आधी दोन दिवस आणि नंतर एक दिवस, त्याच वेळेला, त्याच जागी बसा.
३. दर पाच मिनिटांनी घड्याळातली वेळ, प्राण्याची कृती, ढग आणि सावलीतले तापमान लिहा.
४. ‘घाबरला’ असे लिहू नका. ‘चरणे थांबवले, कान उभे केले’ असे लिहा.
५. फटाके, आरडाओरडा, गर्दी यांची वेगळी नोंद करा. प्राणी अनेकदा ग्रहणाला नव्हे, तर माणसांच्या गोंगाटाला दचकतात.

डोळ्यांची काळजी

प्राणी पाहताना नजर सहज सूर्याकडे जाते आणि धोका तिथेच आहे. डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाही; इजा झाल्याचे काही तासांनी कळते आणि ती कायमची असू शकते. आयएसओ १२३१२-२ मानकाचा, ओरखडे नसलेला ग्रहणचष्माच वापरा. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल किंवा पाण्यातले प्रतिबिंब सुरक्षित नाही. ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून तर मुळीच पाहू नका. उघड्या डोळ्यांनी पाहता येते ते फक्त खग्रास स्थितीच्या मिनिटांत. खंडग्रास आणि कंकणाकृती ग्रहणात कधीच नाही.

चष्मा नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि सूर्याकडे पाठ करून त्यातून येणारा प्रकाश कागदावर पडू द्या. पुठ्ठा आणि कागद यांत एक मीटर अंतर ठेवले, तर सुमारे ९ मिलिमीटरचे सूर्यबिंब दिसेल. झाडाखालच्या कवडशांतही हीच चंद्रकोर उमटते.

कुत्र्या-मांजरांना चष्मा लावण्याची गरज नाही. ती एरवी सूर्याकडे टक लावून पाहत नाहीत आणि ग्रहणातही पाहण्याचे त्यांना कारण नसते. तो मोह फक्त माणसाला होतो.