एक डॉलर भाड्याची बाग

मुलांसाठी लायब्ररीतून पिशव्या भरभरून चित्रमय पुस्तकं आणणाऱ्या आपल्यापैकी काहींच्या हाती डायॲन डिसाल्व्हो-रायन यांचं ‘सिटी ग्रीन’ आलं असेल. १९९४ साली निघालेल्या या पुस्तकातली चित्रंही त्यांचीच. मार्सी नावाच्या मुलीच्या गल्लीतली मोडकळीस आलेली इमारत पाडली जाते आणि मागे उरतो कचऱ्यानं भरलेला मोकळा भूखंड. मार्सी आणि शेजारच्या मिस रोझा सह्या गोळा करतात, शहराकडून ती जागा एक डॉलर भाड्यानं घेतात आणि सारी गल्ली मातीत हात घालते. पाडलेल्या इमारतीत पूर्वी राहणारे खडूस हॅमर आजोबा मात्र लांबच राहतात; आणि मग गुपचूप सूर्यफुलाच्या बिया पेरतात.

हे एक डॉलर भाडं लेखिकेच्या कल्पनेतलं वाटतं, पण ते खरं आहे. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. घरमालक इमारती वाऱ्यावर सोडत, कर थकला की त्या शहराच्या गळ्यात पडत. काही जळत, काही पाडल्या जात. लिझ क्रिस्टी आणि त्यांचे मित्र बियाणं, खत आणि पाणी भरलेले फुगे कुंपणावरून अशा जागांत फेकत. नावही झोकात घेतलं होतं, ‘ग्रीन गेरिलाज’! १९७३ साली त्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा उकिरडा उपसून भाजीचे वाफे केले. १९७४ मध्ये शहरानं ती जागा त्यांना रीतसर भाड्यानं दिली, महिना एक डॉलर. १९७८ साली ‘ग्रीन थंब’ ही सरकारी योजना आली आणि अशा बागा शहरभर पसरल्या.

एक डॉलर म्हणजे जवळजवळ फुकटच, पण भाडं दिलं म्हणजे मालक दुसरा कुणीतरी आहे हेही कबूल केलं. जमिनीचे भाव चढले तेव्हा ते कळलं. १९९९ साली महापौर जुलियानींनी शंभरावर बागा लिलावात काढल्या. ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ आणि अभिनेत्री बेट मिडलर यांच्या संस्थेनं सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या ऐन वेळी सोडवल्या.

सगळ्या वाचल्या नाहीत. मॅनहॅटनच्या पूर्व सातव्या रस्त्यावर पोर्टोरिकन कुटुंबांनी १९७०च्या दशकात केलेली एक बाग होती, ‘एस्पेरान्सा’, म्हणजे आशा. तिथे आंदोलकांनी पोर्टोरिकोच्या लाडक्या ‘कोकी’ बेडकाची प्रचंड प्रतिकृती उभारून पहारा ठेवला होता. १५ फेब्रुवारी २००० रोजी बुलडोझर आला. अशा बागा पाडण्यास न्यायालयानं त्याच दिवशी तात्पुरती मनाई केली, पण तोवर एस्पेरान्सा सपाट झाली होती. पुढे २००२ साली शहर आणि राज्य यांच्यात तडजोड झाली आणि शेकडो बागांना संरक्षण मिळालं.

बावरी-ह्यूस्टनची बाग मात्र टिकली. क्रिस्टी १९८५ साली वारल्या. आता त्या बागेला त्यांचंच नाव आहे.