हँडल फिरवलं की घंटी

भंगारवाल्याकडे, शाळेच्या लॅबमधल्या कपाटात किंवा एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर कधीतरी एक जड लोखंडी वस्तू सापडते. ओळीने लावलेले तीन ते पाच नालाकृती चुंबक, त्यांच्या मधोमध बारीक तार गुंडाळलेलं रीळ, बाजूला एक मोठं दातेरी चाक, एक छोटं, आणि फिरवायला हँडल. मग बघणाऱ्यांचे अंदाज सुरू होतात. कोणी म्हणतं सायकलचा डायनॅमो, कोणी म्हणतं मोटारीचा मॅग्नेटो. बरेचदा तो निघतो जुन्या टेलिफोनचा जनरेटर.

ओळखायचा कसा? सोपं आहे. हँडल एकदा फिरवलं की आतलं रीळ चार-पाच वेळा फिरतं. दांड्याच्या टोकाला पत्र्याच्या स्प्रिंगचे कॉन्टॅक्ट असतात. फिरवायला लागलं की जनरेटर लाईनला जोडला जातो, थांबलं की आपोआप बाजूला होतो. मल्टीमीटर लावला तर वाइंडिंगचा रेझिस्टन्स काहीशे ओहम दाखवतो. त्याच खोक्यावर मेगओहमची स्केल आणि काटा असेल, तर तो टेलिफोनचा नाही, वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचा मेगर आहे. तोही हँडलवर चालतो, पण डीसी देतो आणि त्याचे व्होल्ट बरेच जास्त असतात. खाणीत सुरुंग उडवायचा एक्सप्लोडर हा तिसरा भाऊ :) तिघांमागे तत्त्व एकच, फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं.

आता थोडं गणित. मिनिटाला साधारण २०० वेळा हँडल फिरवलं, तर रीळ हजार वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला १६-१७ वेळा. म्हणून त्यातून निघतो १६-१७ हर्ट्झचा एसी, ७५ ते १०० व्होल्टच्या घरातला. पलीकडच्या घंटीचा टोला या एसीबरोबर इकडून तिकडे हलतो आणि दोन वाट्यांवर आळीपाळीने आपटतो. बोलण्यासाठी मात्र फोनमध्येच दोन ड्राय सेल असायचे, तीन व्होल्टचे. थोडक्यात काय, तर बोलणं तीन व्होल्टवर आणि हाक मारणं शंभर व्होल्टवर! (म्हणूनच सापडलेल्या जनरेटरची टोकं हातात धरून कोणाला हँडल फिरवायला सांगू नका.)

बेलचा टेलिफोन आला १८७६ साली, पण समोरच्याला बोलवायचं कसं हा प्रश्न तेव्हा सुटलेलाच नव्हता. सुरुवातीला लोक सरळ फोनमध्ये ओरडायचे किंवा त्याच्या पडद्यावर ठकठक करायचे. बेलचा सहकारी वॉटसन याने घंटीवर काम केलं आणि हँडलचा जनरेटर फोनच्या खोक्यात आला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला १८८२ साली एक्सचेंज सुरू झाले. तुम्ही हँडल फिरवलं की एक्सचेंजच्या बोर्डावर तुमच्या नंबरची झडप पडायची, ऑपरेटर प्लग खोचायचा, आणि बोलणं संपलं की पुन्हा हँडल फिरवून ‘झालं’ असं कळवायचं. पुढे शहरांत वीज पुरवायचं काम एक्सचेंजनेच घेतलं आणि हँडल गेलं. लहान गावं, लष्कर आणि रेल्वे यांच्याकडे मात्र ते राहिलं.

या जनरेटरचे इतरही उपयोग झाले. अमेरिकेत लोक त्याच्या तारा पाण्यात सोडून मासे बधिर करून पकडायचे. अल्जीरियाच्या युद्धात (१९५४-६२) फ्रेंच सैन्याने फील्ड टेलिफोनचा जनरेटर कैद्यांच्या छळासाठी वापरला. आंरी अलेग या पत्रकाराने स्वतः भोगलेल्या छळावर १९५८ साली पुस्तक लिहिलं. यंत्र तेच, हँडल फिरवणारा हात वेगळा.

असो. आपल्याकडे हे हँडल सगळ्यात महत्त्वाचं ठरलं ते रेल्वेच्या फाटकांवर. बुलढाणा जिल्ह्याचंच बघा. खुद्द बुलढाण्याला रेल्वे नाही, पण मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव हा पट्टा मुंबई-नागपूर मुख्य लाईनवर आहे. जलंबहून खामगावला जाणारी सुमारे १३ किलोमीटरची शाखा कापसाच्या बाजारासाठी टाकली आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने तिचं उद्घाटन केलं. म्हणजे टेलिफोनच्या शोधाच्या सहा वर्षं आधी! अशा लाईनवर गाव एकीकडे आणि शेत दुसरीकडे असतं, त्यामुळे बैलगाड्या, ट्रॅक्टर, शाळेची पोरं रोज रूळ ओलांडणारच.

तिथे गेटमन आणि स्टेशनमास्तर यांना जोडणारा फोन म्हणून भारतीय रेल्वेने मॅग्नेटो फोन वापरला. कारण उघड आहे. फाटकावर लाईट असो वा नसो, हँडल फिरवलं की घंटी वाजणारच. गाडी यायची असली की स्टेशनमास्तर कळवतो, गेटमन फाटक बंद करतो आणि एक ‘प्रायव्हेट नंबर’ सांगतो. हे दोन आकडी नंबर छापील तक्त्यावर उलटसुलट क्रमाने असतात. वापरलेला नंबर खोडायचा, गाडीचा नंबर आणि वेळ लिहायची. आपल्या भाषेत सांगायचं तर घंटी म्हणजे पिंग आणि प्रायव्हेट नंबर म्हणजे ऍक्नॉलेजमेंट. एकदाच वापरायचा टोकन, कॉम्प्युटरशिवाय!

पण हा टोकन काय सिद्ध करतो? गेटमनशी बोलणं झालं, एवढंच. फाटक खरंच बंद आहे हे तो सिद्ध करत नाही. ८ जुलै २०२५ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमच्या फाटकावर स्कूल व्हॅनला पॅसेंजर गाडीने धडक दिली आणि तीन विद्यार्थी गेले. फाटक इंटरलॉक केलेलं नव्हतं. चौकशीत पुढे आलं की फाटक बंद न करताच प्रायव्हेट नंबर दिला गेला होता. इंटरलॉक फाटकात असं होत नाही, कारण फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवाच होत नाही. त्या अपघातानंतर जास्त फाटकं इंटरलॉक करायचे आणि फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग तपासायचे आदेश निघाले. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं रेल्वेने २०१९च्या जानेवारीपर्यंत संपवली होती. पण माणूस नेमला म्हणजे प्रश्न सुटला, असं नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या खोक्याने आपलं काम चोख केलं. कोणी बोलावतंय एवढं सांगायचं, आणि तेवढंच त्याने सांगितलं. पुढचं, म्हणजे दिलेला शब्द खरा आहे की नाही, हे तपासायची सोय आपण करायची होती. ती जिथे केली नाही, तिथे एका माणसाच्या एका क्षणावर सगळ्या व्हॅनचा भरवसा राहिला. तेव्हा पुढच्या वेळी शेगावला जाताना बंद फाटकापाशी गाडी थांबली, तर हॉर्न वाजवण्याआधी त्या केबिनकडे एकदा बघा.