लेअर मास्क आणि निवडक रंग
छायाचित्र-संपादनात थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा करड्या छटांचा पडदा म्हणजे लेअर मास्क. त्यावर पांढरे असेल तिथे थर दिसतो, काळे असेल तिथे झाकला जातो, करड्या जागी अर्धवट उमटतो. फोटोशॉपमध्ये थरांची सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली.

डहाणूजवळच्या आशागड परिसरातल्या वारली घराचे छायाचित्र घ्या. त्यावर कृष्णधवल करणारा थर चढवायचा आणि त्याच्या मास्कवर भिंतीपुरता काळा ब्रश फिरवायचा. गेरूचा तांबडा रंग तेवढा परत येतो, अंगण आणि कौले करडीच राहतात. चूक पांढऱ्या ब्रशने पुसता येते, मूळ चित्राला धक्का लागत नाही. तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे दोन्ही रूपांत जवळजवळ सारखीच, त्यामुळे तिथे हात घसरला तरी चालते. खरी कसोटी भिंतीच्या कडेला.