जंजिऱ्याचा ‘सिद्दी’ नेमका कोणता?

जंजिऱ्यावर मी केलेला पहिला तक्ता मार्गदर्शकांनी एकाच प्रश्नात मोडीत काढला: “हा याकूतखान किती वर्षं जगला म्हणायचा?” मी 1670 ते 1733 अशी एकच ओळ टाकली होती. म्हणजे 63 वर्षं एकच माणूस किल्ल्यावर!

याकूतखान हे नाव नाही, किताब आहे. औरंगजेबाने तो सिद्दी कासिमला दिला, आणि पुढे सिद्दी रसूलच्या नावालाही तोच लागला. 1689 मध्ये मुंबईवर उतरला तो कासिम, 1733 च्या सुमारास वारला तो रसूल. प्रयोगशाळेत दोन बाटल्यांना एकच लेबल लावलं असतं तर मला बाहेर काढलं असतं. इतिहासात मात्र हे सहज खपून जातं, कारण आपण ‘सिद्दी’ हा शब्दच एका माणसाचं नाव असल्यासारखा वापरतो.

हा फक्त नावांचा घोळ असता तर तक्ता दुरुस्त करून विषय संपला असता. पण ओळ तोडल्यावर लक्षात आलं की ते पदच मधल्या काळात बदललंय.

मूळची व्यवस्था आदिलशाहीची. किनाऱ्यावरचा मुलूख जहागीर म्हणून मिळायचा, तो अटीवर: आरमार बाळगायचं, व्यापारी जहाजांना आणि मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंना संरक्षण द्यायचं. प्रमुखाला वजीर म्हणत. तो मेला की मुलगा आपोआप गादीवर येत नसे, हबशी सरदारांमधला लायक माणूस निवडला जाई. थोडक्यात, नेमलेला लष्करी अधिकारी.

1670 चा प्रसंग या चौकटीत ठेवून बघा. शिवाजी महाराजांच्या दबावापुढे फतेखान किल्ला द्यायला तयार झाला, तेव्हा संबळ, कासिम आणि खैरियत या तिघांनी त्याला कैद केलं आणि मोगलांकडे मदत मागितली. संबळकडे आरमार गेलं, कासिमकडे जंजिरा, खैरियतकडे दंडा-राजपुरी. पुढे बादशाही हुकमाने आरमारही कासिमकडे आलं. या सगळ्यात ‘कोणाचा मुलगा कोण’ हा प्रश्न कुठेच येत नाही. (आपल्याकडे हे तिघं सख्खे भाऊ असल्यासारखे एका दमात सांगितले जातात, ते वेगळंच.)

आता रसूलच्या मृत्यूनंतरचं पाहा. त्याच्या मुलांमध्ये तंटा लागतो, थोरला अब्दुल्ला मारला जातो, आणि बाजीराव पेशवे अब्दुल्लाच्या मुलाची, अब्दुल रहमानची, बाजू उचलून धरतात. भांडण आता वारसाहक्काचं झालंय! अवघ्या 63 वर्षांत किल्लेदारीचं घराणं झालं. नेमकी हीच 63 वर्षं मी एका ओळीत गाडून टाकली होती.

सध्या माझ्या तक्त्यात चार रकाने आहेत: नाव, किताब, पद, नेमणूक कोणाची. शेवटच्या रकान्यात सगळ्यात जास्त मोकळ्या जागा आहेत.