नजरेचा माग

आरशासमोर उभे राहा. आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या डोळ्याकडे. असे चार-पाच वेळा करा. आपले डोळे हलताना आपल्याला दिसतात का? दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र ते हलताना स्पष्ट दिसतात. डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेतो तेवढ्या क्षणात आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नसते, आणि तरीही पाहण्यात खंड पडल्याचे आपल्याला जाणवत नाही.

वाचतानाही हेच घडते. नजर ओळीवरून संथपणे सरकत जाते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती उडी मारते, थांबते, पुन्हा उडी मारते, मधूनच मागेही येते. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. उडीला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच वेळ लागतो. असे का? कारण बारकावे टिपण्याचे काम दृष्टिपटलावरचा पीतबिंदूचा मधला लहानसा भागच करतो. हात समोर लांब केला तर अंगठ्याच्या नखाने जेवढी जागा झाकली जाते, साधारण तेवढीच जागा आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसते. बाकीचे पाहायचे तर डोळा हलवायलाच हवा.

या उड्यांचा माग काढत संशोधक वाचनाच्या प्रयोगशाळेतून वर्तमानपत्राच्या पानापर्यंत, आणि तेथून संगणकाच्या पडद्यावरच्या बातम्यांपर्यंत पोहोचले. या वाटेवर एकच चूक दोनदा झाली. पहिल्यांदा ती शाळेत झाली, म्हणून शिक्षकांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

कानाने ऐकलेले डोळे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल हे नेत्रतज्ज्ञ वाचनाच्या क्रियेचा अभ्यास करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या लामार यांनी एक साधी युक्ती काढली. वाचणाऱ्याच्या वरच्या पापणीला एक बोथट टोक टेकवायचे आणि डोळ्याच्या प्रत्येक उडीबरोबर होणारा आवाज रबरी नळीतून कानाने ऐकायचा. आवाज मोजले की उड्या मोजल्या! जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनीही १८७९ मध्ये अशाच रीतीने डोळ्यांचे आवाज ऐकले होते. वाचनाचा असा अभ्यास करणाऱ्या जाव्हाल यांची स्वतःची दृष्टी पुढे काचबिंदूने गेली. १९०३ मध्ये त्यांनी नव्याने अंधत्व आलेल्यांसाठी मार्गदर्शनपर पुस्तक लिहिले.

ऐकण्याने उड्या मोजता आल्या, पण नजर नेमकी कुठे थांबली ते कळेना. अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी १८९८ च्या सुमारास डोळा बधिर करून पारपटलावर प्लास्टर ऑफ पॅरिसची इवलीशी वाटी बसवली. पाहता यावे म्हणून तिला मध्ये भोक ठेवले. वाटीला जोडलेली ॲल्युमिनियमची हलकी सुई काजळी धरलेल्या कागदावर डोळ्याची हालचाल रेखाटत असे. ही पद्धत वाचणाऱ्याच्या दृष्टीने किती त्रासाची असेल, याची कल्पना आपण करू शकतो. १९०१ मध्ये रेमंड डॉज आणि थॉमस क्लाइन यांनी यातून सुटका केली. पारपटलावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचे त्यांनी सरकत्या काचेवर छायाचित्र घेतले. डोळ्याला काहीही न लावता माग मिळू लागला. आजची अनेक यंत्रे अदृश्य अवरक्त प्रकाश वापरतात, पण परावर्तित ठिपक्याचे तत्त्व तेच आहे.

लक्षण की कारण?

आता हे तंत्र शाळेत आले. शिकागो विद्यापीठाच्या गाय बसवेल यांनी १९२२ मध्ये पहिलीपासून महाविद्यालयापर्यंतच्या विद्यार्थ्यांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिलीतल्या मुलांची नजर एका ओळीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा थांबत होती, प्रत्येक थांबा लांब होता आणि मागे वळणेही जास्त होते. इयत्तेबरोबर थांबे कमी होत गेले.

यावरून काहींनी सरळ निष्कर्ष काढला: चांगला वाचक कमी थांबतो, तर मुलांना कमी थांबायला शिकवा, म्हणजे ती चांगली वाचू लागतील! १९३० च्या दशकात अमेरिकेत ‘मेट्रोनोस्कोप’ नावाचे यंत्र आले. त्यात ओळीचे तुकडे ठरावीक गतीने एकामागोमाग उघडत आणि मिटत. त्या तालावर डोळे पुढे सरकले की वाचन सुधारेल, अशी अपेक्षा होती.

मिनेसोटा विद्यापीठाच्या माइल्स टिंकर यांनी या समजुतीला सातत्याने विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, नजरेची अडखळ हे वाचन कठीण जात असल्याचे लक्षण आहे, कारण नव्हे. शब्द ओळखीचा नसेल, वाक्य समजत नसेल, तर डोळा थांबणारच, मागे जाणारच. ताप उतरवायला तापमापी बर्फात ठेवण्यासारखाच हा उपाय झाला. प्रौढ वाचकसुद्धा अवघड मजकुरापाशी अधिक थांबतो. मुलाचे शब्दभांडार वाढले, विषयाची ओळख झाली, की थांबे आपोआप कमी होतात.

एक चित्र, अनेक नजरा

डोळा कुठे थांबेल हे मजकुराइतकेच पाहणाऱ्याच्या हेतूवरही ठरते. मॉस्कोचे अल्फ्रेड यार्बस यांनी हे नामी रीतीने दाखवले. त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये रशियनमध्ये आणि १९६७ मध्ये इंग्रजीत आले. त्यांनी इल्या रेपिन यांचे एक चित्र एकाच व्यक्तीला सात वेळा, दर वेळी तीन मिनिटे दाखवले. हद्दपारीतून एक माणूस अचानक घरी परतला आहे, असा चित्राचा विषय. पहिल्या वेळी नुसतेच पाहायला सांगितले. मग दर वेळी नवे काम: या माणसांची वये सांगा, कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी वाटते, हा पाहुणा किती काळ घराबाहेर होता, आणि असेच पुढे. वये विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवर फिरली. सांपत्तिक स्थिती विचारली तेव्हा कपडे आणि खोलीतल्या वस्तूंकडेही वळली. चित्र तेच, डोळेही तेच; प्रश्न बदलला आणि माग बदलला.

कागदावरून पडद्यावर

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पत्रकारितेचे शिक्षण देणारी पॉइंटर इन्स्टिट्यूट आहे. तिने १९९१ मध्ये छापील वर्तमानपत्राच्या वाचकांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचक पानात शिरतो तो बहुधा मोठ्या छायाचित्रातून किंवा ठळक मथळ्यातून, आणि बारीक मजकुराचा बराच भाग न पाहताच राहतो, असे त्यात आढळले.

ऑनलाइन बातम्या सुरू झाल्यावर याच संस्थेने स्टॅनफर्ड विद्यापीठाबरोबर ६७ वाचकांवर नवा अभ्यास केला. २००० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा संपादकांना आश्चर्य वाटले. पानावरच्या पहिल्या तीन थांब्यांपैकी ७८ टक्के मजकुरावर होते आणि फक्त २२ टक्के चित्रांवर! कागदावरचा क्रम पडद्यावर उलटा झाला होता. म्हणजे ‘माणूस आधी चित्र पाहतो’ हा डोळ्यांचा निसर्गनियम नव्हता. त्या काळी पडद्यावरची चित्रे लहान असत आणि बऱ्याच वेळा सावकाश उमटत, हेही लक्षात घ्यायला हवे.

२००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ४६ जणांवर तिसरा अभ्यास झाला. लहान परिच्छेदांना लांब परिच्छेदांच्या दुप्पट थांबे मिळाले. मोठ्या अक्षरांवरून नजर नुसती फिरत गेली, तर लहान अक्षरांत लोक लक्षपूर्वक वाचू लागले. २००७ मध्ये सुमारे ६०० वाचकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ‘ऑनलाइन वाचक वाचतच नाही’ हा समज खोटा ठरला. निवडलेल्या बातमीचा सरासरी ७७ टक्के भाग ऑनलाइन वाचकांनी वाचला. मोठ्या आकाराच्या छापील वर्तमानपत्रात हे प्रमाण ६२ टक्के होते.

‘एफ’ चा घोटाळा

तरीही गाजले ते २००६ मधले एक चित्र. जेकब निल्सन यांच्या गटाने २३२ जणांच्या नजरेचा माग घेतला. नजर जास्त थांबली तिथे लाल, कमी तिथे निळा, असे रंग भरल्यावर अनेक पानांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी आकृती दिसली. वरच्या ओळी आडव्या वाचलेल्या, थोडे खाली आणखी एक आखूड आडवी रेघ, आणि मग डाव्या कडेने खाली घसरलेली नजर.

पुष्कळ रचनाकारांनी याचा नियमच करून टाकला: माणसे ‘एफ’ आकारात वाचतात, तेव्हा महत्त्वाचे सारे वर आणि डावीकडे ठेवा. मेट्रोनोस्कोपची चूक येथे नव्या वेशात परत आली. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबी पानांवर हीच आकृती उलटी दिसते. म्हणजे तिचा संबंध लिपीच्या दिशेशी आहे. २०१७ मध्ये त्याच गटाने स्पष्ट केले की, उपशीर्षके नसलेला सलग मजकूर आणि घाईत असलेला वाचक एकत्र आले की ही आकृती उमटते. वाचक चाचपडत असल्याचे ते लक्षण आहे. ते दिसले तर पान सुधारायचे असते. पान त्या आकृतीत कोंबायचे नसते. अर्थपूर्ण उपशीर्षके, आटोपशीर परिच्छेद, नेमक्या शब्दांनी सुरू होणारे मथळे हे त्यावरचे उपाय आहेत.

यात आणखी एक प्रश्न आहे. नजर कुठे थांबते हे कळले की तिथे महत्त्वाची माहिती ठेवता येते, तशी जाहिरातही ठेवता येते. पाहणे म्हणजे समजणे नव्हे, आणि थांबणे म्हणजे आवडणेही नव्हे. नुसते थांबे मोजणाऱ्याला वाचकाचे भले झाले की फक्त त्याचे लक्ष ओढले गेले, हे कळणार नाही. त्यासाठी वाचकाला काय समजले हे विचारावेच लागते.

वर्गात करून पाहा

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. १९२८ मध्ये वॉल्टर माइल्स यांनी सुचवलेली रीत पुरे. वर्तमानपत्राच्या पानाच्या मधोमध, दोन ओळींमध्ये, पेन्सिलीने लहान भोक पाडा. एका विद्यार्थ्याला ते पान समोर धरून मनात वाचायला सांगा. दुसऱ्याने पाठीमागून भोकाला डोळा लावून वाचणाऱ्याचे डोळे पाहावेत आणि एका ओळीतले थांबे मोजावेत.

प्रथम सोपी बातमी द्या, मग अर्थसंकल्पावरची अवघड बातमी. थांब्यांत फरक पडतो का? नंतर तेच पान दोघांना द्या. एकाला सांगा, ‘सर्वांत महत्त्वाची बातमी शोध’. दुसऱ्याला सांगा, ‘पानावर किती गावांची नावे आहेत ते मोज’. दोघांच्या नजरा कशा फिरल्या याची नोंद करा. आणि एखादा विद्यार्थी कुठे फार अडखळला, तर त्याला भरभर वाचायला सांगण्याआधी तिथे कोणता शब्द होता ते पाहा.